सासऱ्यांची स्टिक आणि सहीची साक्ष

भोपाळ ही तळ्यांची नगरी म्हणून सर्वांस परिचित आहे. परंतु ती हॉकीचीही नगरी आहे, हे कित्येकांना ठाऊक नसते. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात येथील अहमद शेर खान होते. १९७५ साली क्वालालंपूर येथे विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात भारत पिछाडीवर असताना बरोबरीचा गोल करणारे अस्लम शेर खान हे त्यांचेच चिरंजीव. अशा गावात एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर हॉकीची स्टिक सापडावी, यात नवल ते काय!

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध मावशी अशीच एक स्टिक जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आल्या. स्टिकच्या दांड्यावर पुसट सही होती. "फादर, ही माझ्या सासऱ्यांची. बर्लिनहून परत आल्यावर ध्यानचंदांनी त्याच वर्षी ती सही करून दिली, असे ते सांगत. एक गृहस्थ विकत घ्यायला तयार आहेत. नातवाच्या कॉलेजची फी भागेल. पण त्यांना दाखला हवा आहे. तुम्ही शिकलेले, एवढे दोन ओळी लिहून द्या."

मावशींची नड मी जाणून होतो. परंतु जे आपण पाहिले नाही, त्याची साक्ष कशी द्यावी? मी त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

या व्यवहारात खोट्याचा सुळसुळाट किती आहे, याचे एक उदाहरण आपल्या वाचकांना विशेष वाटेल. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ अतिशय लोकप्रिय असून नामांकित खेळाडूंच्या सह्या असलेल्या चेंडूंना तेथे मोठी किंमत येते. साहजिकच खोट्या सह्यांचा धंदाही बोकाळला. तेथील केंद्रीय तपास यंत्रणेने १९९९ साली अशा टोळ्यांवर धाडी घातल्या, तेव्हा हस्तगत झालेल्या मालात चक्क मदर तेरेसा यांच्या सहीचा बेसबॉल निघाला! कोलकात्याच्या गल्ल्यांतून मरणोन्मुखांची सेवा करणाऱ्या त्या माऊलीचा आणि बेसबॉलचा काय संबंध? पण घेणाऱ्याला मोह असला, की विकणाऱ्याला लाज उरत नाही. शिवाय अशा मालाबरोबर छापील प्रमाणपत्रेही दिली जात. तात्पर्य, दाखला जवळ असला म्हणजे वस्तू खरी ठरली, असे नव्हे. दाखला देणारा कोण आणि त्याने काय तपासले, हेच मुख्य.

हस्ताक्षर-तपासणीच्या कामात आयुष्य घालविलेले एक निवृत्त गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्याकडे आम्ही ती स्टिक नेली. भिंग हाती घेऊन ते म्हणाले, "मनुष्य सही करतो ती सवयीने, भरभर. रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नक्कल करणारा सही लिहीत नाही, ती चितारतो. म्हणून रेघ थरथरते, भलत्याच ठिकाणी थांबते. आणि दोन सह्या तंतोतंत जुळल्या, तर आनंद मानू नका. त्यांपैकी एक गिरवलेली असण्याचाच संभव अधिक. तुलनेसाठीही त्याच काळातील निर्विवाद सह्या हव्यात, कारण वयाबरोबर हात बदलतो."

मग त्यांनी स्टिक उन्हात धरली. दौतीची शाई लाकडाच्या रेषांत झिरपते, पसरते. येथे तसे काही नव्हते. दाबाने पडलेली बारीक खाच होती आणि तिच्यात तेलकट शाईचे कण होते. ती सही बॉलपेनची होती. बिरो यांनी या पेनचे पेटंट घेतले १९३८ साली, आणि ते बाजारात आले त्याच्याही नंतर. मग १९३६ साली त्याने सही होणार कशी?

मावशींचा चेहरा उतरला. "म्हणजे सासरे खोटे बोलले का हो?"

"तसे मुळीच नाही," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "ध्यानचंद १९७९ पर्यंत हयात होते. सही पुढे कधी तरी घेतलेली असू शकेल आणि आठवणीत दोन प्रसंग एक झाले असतील. सही ही एक गोष्ट, तिची कथा ही दुसरी. कथा टिकत नाही, एवढे मी सांगतो. सही त्यांचीच आहे की नाही, हे जुळवून पाहण्याजोगे नमुने माझ्यापाशी नाहीत."

एवढेच आम्ही कागदावर लिहिले आणि मावशींनी तो कागद घेणाऱ्यापुढे ठेवला. त्याने किंमत निम्म्याहून खाली आणली. मावशींनी स्टिक परत लुगड्यात गुंडाळली. फीसाठी पतपेढीचे कर्ज काढावे लागले. नातू सुट्टीत शिकवण्या करून हप्ते फेडीत आहे. मला हे पाहून वाईट वाटले, हे मी लपवीत नाही. दोन ओळींचा खोटा दाखला त्या घरी सोयीचा ठरला असता. पण तो कागद उद्या दुसऱ्या कुणाच्या घरची पुंजी घेऊन गेला असता.

वाचकहो, आपल्याही घरी एखादी सही केलेली बॅट, पुस्तक वा छायाचित्र असेल. पुसट सही कृपा करून गिरवू नका. वस्तूला पॉलिश वा वार्निश लावू नका. सही छापील तर नाही ना, हे भिंगातून पाहा. छपाई असल्यास बहुधा बारीक ठिपके दिसतात. सोबतची पत्रे, पाकिटे, वृत्तपत्रांची कात्रणे जपून ठेवा. आणि मुख्य म्हणजे वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून ठेवा: कुठे मिळाली, कोणत्या साली, तेथे आणखी कोण होते? उत्तर तारखेसह लिहून ठेवा, आणि जे त्यांना आठवत नाही ते आपल्या पदरचे भरू नका.

मावशींच्या भिंतीवर आता ती स्टिक टांगलेली आहे. नातवाने खाली चिठ्ठी लावली आहे: "पणजोबांची स्टिक. सही कोणाची, ठाऊक नाही."

त्या चिठ्ठीतील प्रत्येक शब्द खरा आहे.