एल्कच्या शिकारीतलं ब्रॉडहेड मानोऱ्यात रोहीवर का चालत नाही?

इन्स्टावर शिकारीची एक रील थांबून बघितली की पुढचे चार दिवस तशाच रील येत राहतात. अमेरिकेतला डोंगर, झाडीत मिसळून जाणारे कपडे घातलेला माणूस, हातात कप्प्या लावलेलं धनुष्य आणि समोर मोठ्या शिंगांचा एल्क. एल्क म्हणजे तिकडचं महाकाय हरीण, आपल्या काश्मीरच्या हंगूलचा जवळचा नातेवाईक. शिकारी बाणाचं टोक कॅमेऱ्यासमोर धरतो आणि एल्कसाठी हेच का निवडलं ते सांगतो. या टोकाला म्हणतात ब्रॉडहेड.

आता हीच रील मानोरा तालुक्यात कोणी बघत असेल, तर त्याच्या डोक्यात एल्क नसतो, रोही असतो. सोयाबीन, तूर, हरभरा, कशातही रोह्यांचा कळप एका रात्री शिरला की खातो थोडं आणि तुडवतो जास्त. हंगामभर जागल करून कंटाळलेल्या माणसाला वाटणारच, की आवाज न करणारं असं एखादं हत्यार आणलं तर?

उत्तर आहे, नाही. कायद्यानेही नाही आणि बाण ज्या पद्धतीने काम करतो त्यानेही नाही. दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

ब्रॉडहेड म्हणजे नेमकं काय?

२०२३ साली बर्लिनमध्ये नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची आदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेते झाले. त्यांच्या हातात कंपाउंड धनुष्य होतं. एल्कचे बरेच शिकारीही याच प्रकारचं धनुष्य वापरतात. मोठा फरक आहे तो बाणाच्या टोकात. खेळातल्या बाणाचं टोक गोल आणि निमुळतं असतं. ते लक्ष्यात रुततं आणि ओढून काढता येतं. ब्रॉडहेडला मात्र ब्लेडसारखी दोन, तीन किंवा चार धारदार पाती असतात.

कारण बाण गोळीसारखा मारत नाही. शिकारीचा साधारण ३० ग्रॅमचा बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने सुटला, तर त्यात १०० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. मोठ्या जनावरासाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलच्या गोळीत याच्या तीसपट किंवा त्याहून जास्त असते. त्यामुळे बाणाच्या धक्क्याने जनावर कोसळत नाही. पातं आत जाऊन रक्तवाहिन्या आणि फुप्फुसं कापतं, रक्तस्राव होतो, आणि मग जनावर पडतं.

एल्कसाठी कोणतं निवडतात?

ब्रॉडहेडचे मुख्य प्रकार दोन. पहिला फिक्स्ड, म्हणजे पाती कायम उघडी. हे मजबूत असतं आणि खोल जातं. पण उघड्या पात्यांवर वारा लागतो, म्हणून धनुष्य आणि बाण यांचा मेळ अचूक बसवावा लागतो. दुसरा मेकॅनिकल, म्हणजे हवेत पाती मिटलेली आणि अंगावर आदळल्यावर उघडणारी. हे सरळ उडतं आणि जखम रुंद करतं. पण पाती उघडण्यात थोडी ऊर्जा खर्च होते, आणि हाडावर आपटलं तर ते दगा देऊ शकतं.

एल्कचा नर तीनशे किलोच्या पुढे जातो आणि त्याच्या खांद्याचं हाड जाड असतं. म्हणून बरेच शिकारी रुंद जखमेपेक्षा खोल जखमेला महत्त्व देतात आणि फिक्स्ड पातं पसंत करतात. वजन साधारण १०० किंवा १२५ ग्रेन, म्हणजे साडेसहा ते आठ ग्रॅम. आपलं दहा रुपयांचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं, त्यावरून अंदाज घ्या.

पण रीलमध्ये जे दिसत नाही ते महत्त्वाचं आहे. तिथे पातं निवडायच्या आधी परवाना लागतो आणि शिकारीचा हंगाम ठरलेला असतो. कोलोराडो राज्यात तर धनुष्याची ताकद किमान ३५ पौंड, ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच आणि पोलादी धारा किमान दोन, इतकं बारीक नियमात लिहिलंय. वेळही ठरलेली आहे. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्धा तास नंतरपर्यंत, म्हणजे रात्रीची शिकार नाही.

मग रोहीवर का नाही?

गंमत म्हणजे रोहीची बाणाने शिकार होते, पण अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये. साधारण १९३० च्या आसपास तिथल्या किंग रँचने नीलगायी, म्हणजे आपले रोही, आणून सोडले. तिकडे तो परका प्राणी आहे आणि चिवटपणासाठी प्रसिद्ध आहे. शिकारी त्याच्यासाठी जड बाण आणि मजबूत पातं घेतात.

आता आपल्या शिवारातली परिस्थिती बघा. रोही पिकात येतो बहुतेक रात्री. अंधारात, हलत्या कळपात, अंतराचा अंदाज नसताना बाण फुप्फुसाऐवजी पोटात किंवा खांद्यात जाण्याची शक्यता जास्त. असं जनावर तिथे पडत नाही. बाण घेऊनच पळतं आणि तासांनी किंवा दिवसांनी दुसऱ्याच्या शेतात तडफडून मरतं. उरलेला कळप पुन्हा येतोच.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. याच्या कलम ९ नुसार अनुसूचीतल्या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रोही आणि रानडुक्कर दोघेही अनुसूची २ मध्ये आहेत.

इथे दोन व्याख्या लक्षात ठेवा. कायद्यात 'शस्त्र' या शब्दात बंदूक, जाळी, फासे आणि विषासोबत धनुष्यबाणाचाही स्पष्ट उल्लेख आहे. आणि 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही, तसा प्रयत्न करणंही शिकारच. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा होतो. शेत स्वतःचं आहे याने फरक पडत नाही.

शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजारच्या कारंजा तालुक्यात काळविटांसाठी अभयारण्य आहे. काळवीट अनुसूची १ मध्ये येतो. तिथे किमान शिक्षाच तीन वर्षं, आणि ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. वापरलेलं हत्यार आणि गाडी जप्त होते ते वेगळं.

जीव वाचवताना प्राणी मारला गेला तर कायदा तो गुन्हा मानत नाही. पण पीक वाचवणं हा स्वसंरक्षणाचा भाग धरला जात नाही. त्यासाठी कलम ११ मध्ये वेगळी वाट आहे. उभ्या पिकाला धोका झालेल्या अनुसूची २ मधल्या प्राण्याबाबत वन खात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. राज्य सरकारने २०१५ मध्ये रोही आणि रानडुकराबाबत यासाठी कार्यपद्धतीही ठरवून दिली. पण कागद हातात येण्याआधी केलेली कोणतीही गोष्ट शिकारच ठरते.

मग पिकाचं काय?

एक, नुकसान झालं की तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत तुडवलेलं पीक साफ करू नका. तारखेसह फोटो काढा, पायांचे ठसे आणि लेंड्याही त्यात येऊ द्या. सातबारा आणि बँक पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवा.

दोन, वन खात्याची हेल्पलाइन १९२६. जखमी प्राणी दिसला तरी इथेच फोन करायचा.

तीन, सौर कुंपण, म्हणजे आपलं झटका मशीन. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत यासाठी अनुदान मिळतं. आपलं गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. झटका मशीनचा करंट क्षणभराचा असतो, त्याने जनावर घाबरून मागे फिरतं. लाईनवरून थेट तारेत सोडलेला करंट मात्र जीव घेतो, आणि तो रात्री पाणी द्यायला गेलेल्या आपल्याच माणसाचाही असू शकतो.

भरपाईचे पैसे उशिरा येतात, नुकसानीपेक्षा कमी येतात, ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच गावातल्या सगळ्यांनी प्रत्येक वेळी अर्ज करणं गरजेचं आहे. कुंपणासाठी किंवा कलम ११ च्या परवानगीसाठी गाव भांडायला बसेल, तेव्हा नुकसान किती आणि कधीपासून होतंय हे दाखवायला तेच कागद कामाला येतात. रोहीच्या अंगात एक बाण सापडला, तर मात्र चौकशी नुकसानीची होत नाही, बाण कोणाचा याची होते.