प्रिंटर घरीच होता, पत्ता बदलला होता

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले होते. शेजारची मुलगी दारात उभी, डोळ्यांत पाणी. "चाचा, हॉलतिकीट भिजलं!" दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात तिची सीईटी आणि केंद्र कोल्हापूरला. म्हणजे मिरजेहून पहाटेची गाडी धरायची. दप्तरात पाण्याची बाटली सांडली आणि छापून ठेवलेल्या कागदाचा लगदा झाला. झेरॉक्सची दुकानं केव्हाच बंद झालेली. आमच्याकडे वायफायचा प्रिंटर आहे, हे गल्लीला ठाऊक. मी रुबाबात म्हणालो, "त्यात काय, दोन मिनिटांचं काम."

संगणकाला हुकूम दिला. उत्तर आलं, 'प्रिंटर ऑफलाइन'. प्रिंटर तर हातभर अंतरावर, दिवा लावून बसलेला! त्याच संध्याकाळी संगणकानं स्वतःला अपडेट करून घेतलं होतं. गुन्हेगार सापडला, असं मला वाटलं. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. छपाईचा हुकूम एकदा नाही, सात वेळा दिला. ढिम्म काही हललं नाही. मुलगी काही बोलत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

शेवटी पुण्याला मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "अब्बा, संगणकाचा नाद सोडा. तिच्या मोबाइलला आपलं वायफाय जोडा आणि तिथूनच प्रिंट द्या." दिली. प्रिंटर खाकरला आणि हॉलतिकीट बाहेर आलं. मुलगी कागद छातीशी धरून पळाली. मी मात्र जागाच. मोबाइलला जे जमलं, ते संगणकाला का जमू नये?

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातलं मला कळतं, असा दावा नाही. पण दुसऱ्या दिवशी मुलानं जे समजावलं, ते साधं होतं. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. १९२.१६८.१.५ असे टिंबांनी जोडलेले चार आकडे, तोच पत्ता. ही खोली मालकीची नसते, भाड्याची असते. राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, की तो वेगळी खोली देऊ शकतो. त्या दुपारी आमच्याकडे वीज गेली होती. प्रिंटरला नवी खोली मिळाली आणि संगणक जुन्याच दारावर थापा मारत राहिला. आतून ओ आली नाही, म्हणून त्यानं 'ऑफलाइन' असा शेरा मारला. मोबाइलनं मात्र अंगणात उभं राहून हाक मारली, 'इथं प्रिंटर कोण?' प्रिंटरनं ओ दिली. अपडेट बिचारं निर्दोष होतं. शेवटी तेच दिसलं, म्हणून आळ त्याच्यावर आला.

अर्थात, ते दर वेळी निर्दोष असतंच असं नाही. संगणक आणि प्रिंटर यांच्यात ड्रायव्हर नावाचा एक दुभाषा असतो. घरात दखनी बोलून मराठीत लिहिणाऱ्या मला दुभाष्याचं मोल वेगळं सांगायला नको. अपडेट कधी हा दुभाषाच बदलतं. कधी घरच्या वायफायला 'पब्लिक', म्हणजे परक्या जागेतलं, समजू लागतं. मग संगणक शेजारच्या यंत्रांशी बोलेनासा होतो. सेटिंगमध्ये ते 'प्रायव्हेट' करावं लागतं. पण म्हणून अपडेट बंद करून ठेवू नये. २०२१ साली विंडोजच्या छपाई-व्यवस्थेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाचं मोठं भगदाड सापडलं. त्यातून परक्याला संगणकाचा ताबा घेता येत होता. ते बुजवणाऱ्या अपडेटनंतर काही ठिकाणी प्रिंटर अडले खरे, पण उघड्या दारापेक्षा कुरकुरणारं दार बरं. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे नव्या आवृत्तीकडे वळलेल्या अनेकांना हा अनुभव येणार.

तर आपल्यावर अशी वेळ आली, तर क्रमानं जावं. आधी मोबाइलवरून छापून पाहावं. छापलं, तर प्रिंटर धडधाकट आहे, दोष संगणकाकडे. नाही छापलं, तर आधी राउटर, मग प्रिंटर, शेवटी संगणक, या क्रमानं मध्ये दोन-दोन मिनिटं थांबून सगळं पुन्हा सुरू करावं. दोघं एकाच नावाच्या वायफायवर आहेत ना, हे पाहावं. संगणक कधी गुपचूप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलेला असतो. मग छपाईच्या रांगेत अडकलेली कामं रद्द करावीत, नाहीतर दुरुस्ती होताच माझ्यासारख्या सात प्रती बाहेर पडायच्या.

तरीही नाही जमलं, तर प्रिंटरच्या पडद्यावर किंवा त्यानं छापलेल्या नेटवर्कच्या पानावर त्याचा आजचा पत्ता पाहावा. तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकावा. प्रिंटरचं पान उघडलं, तर रस्ता मोकळा आहे, फक्त संगणकातली नोंद जुनी आहे. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जाऊन ती काढून टाकावी आणि या पत्त्यानं प्रिंटर नव्यानं जोडावा. राउटरमध्ये हा पत्ता प्रिंटरच्या नावे राखून ठेवता येतो. तेवढं केलं, की वीज गेली तरी खोली बदलत नाही.

एक सावधगिरी. घाईत इंटरनेटवर 'प्रिंटर हेल्पलाइन' शोधू नका. तिथं खोटे नंबर पेरलेले असतात. दुरुस्तीच्या नावाखाली संगणकाचा ताबा मागतात आणि खातं रिकामं करतात. ड्रायव्हर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावं.

ती मुलगी वेळेवर परीक्षेला पोचली. आता ती प्रत्येक कागदाच्या दोन प्रती काढते. आणि मी प्रिंटरवर एक चिठ्ठी चिकटवली आहे. वर वायफायचं नाव, खाली प्रिंटरचा पत्ता. टेबलाच्या खणात यूएसबीची एक वायरही ठेवली आहे. रात्री-अपरात्री पुन्हा कुणी दारात आलं, तर आधी हाक मारायची, मग रागवायचं.