जुन्या खेळयंत्राचा योगक्षेम

संस्कृतांत 'योगक्षेम' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें हा योग, आणि जें मिळालें आहे तें राखणें हा क्षेम. आमच्या वाडवडिलांच्या संसारांत क्षेमास मान अधिक होता. पितळेच्या भांड्यांस वेळच्या वेळीं कल्हई होत असे, छत्रीची मोडलेली काडी बदलली जात असे, आणि धोतर जीर्ण झालें कीं त्याचा पंचा होई व पंचाचें पुढें फडकें होई. हल्लीं घरोघर योग उदंड झाला आहे. क्षेमाची विद्या मात्र लोपत चालली आहे. या विधानाच्या पुष्ट्यर्थ आम्ही आज जी वस्तु घेत आहों तिचें नांव ऐकून कित्येक वाचकांस हसूं येईल. ती वस्तु म्हणजे टीव्हीस जोडून खेळावयाचा जुना व्हिडिओ गेम.

१९९० नंतरच्या दशकांत 'सामुराई', 'मीडिया' इत्यादि नांवांचीं हीं यंत्रें मध्यमवर्गीय घरांत शिरलीं. आमचें पिंपळगाव रेणुकाई हें भोकरदन तालुक्यांतील मिरचीच्या बाजारासाठीं ओळखलें जाणारें गांव. येथेंही कोणी जालन्याहून, कोणी मुंबईहून तीं आणलीं. ज्या मुलांसाठीं तीं आणलीं तीं आतां स्वतः आईबाप झालीं आहेत, आणि यंत्रें माळ्यावर धूळ खात पडलीं आहेत. त्यांचा निकाल लावण्यापूर्वीं त्यांचें कुल व शील थोडें जाणून घ्यावें, अशी आमची विनंती आहे.

हीं बहुतेक यंत्रें निन्टेंडो या जपानी कंपनीच्या 'फॅमिली कॉम्प्युटर' नामक यंत्राच्या नकला होत. मूळ यंत्र १५ जुलै १९८३ रोजीं जपानांत विक्रीस आलें, आणि जगभर त्याचे सहा कोटींहून अधिक संच खपले. त्याचा मेंदू ज्या ६५०२ या चिपेवर आधारलेला आहे, ती १९७५ सालीं अवघ्या २५ डॉलरांस मिळूं लागली होती. यंत्राची कामापुरती स्मरणशक्ति केवळ २,०४८ अक्षरांची. म्हणजे मासिकाच्या एखाद्या पानावर मावेल एवढीच! कंपनीनें २००३ सालीं त्याचें उत्पादन थांबविलें, आणि सुट्या भागांच्या अभावीं २००७ सालीं दुरुस्तीही बंद केली. तरी जुनीं यंत्रें अद्याप चालतात. त्यांचा निर्वाह आतां सर्वस्वीं धन्याच्या हातीं आहे.

आमच्या घरचा असाच एक संच आमच्या पुतण्यानें भंगारांत घालावयास काढला होता. आमची नात सातव्या इयत्तेंत आहे. तिनें तो मागून घेतला, आणि नात व आजोबा असे आम्ही दोघे त्याच्या मागें लागलों. त्या प्रयत्नांत जे नियम अनुभवास उतरले ते येथें देतों.

पहिला नियम कॅसेटीचा. कॅसेट चालेनाशी झाली कीं तींत फुंकर मारावयाची, ही त्या पिढीची सार्वत्रिक रीत. ती सोडावी. श्वासांतील ओलाव्यानें आंतील तांब्याच्या पट्ट्या कालांतरानें गंजतात. यंत्र बंद करून, कापसाच्या काडीस आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या हलक्या हातानें पुसाव्या व पूर्ण वाळूं द्याव्या. निम्मे दुखणें येथेंच बरें होतें.

दुसरा नियम अडॅप्टरचा. निरनिराळ्या यंत्रांच्या अडॅप्टरांचें धन व ऋण टोक एकाच ठिकाणीं नसतें. उलट जोडणीनें आंतील भाग जळूं शकतो. म्हणून यंत्रावरील खूण वाचून तिच्याशीं जुळणाराच अडॅप्टर लावावा, आणि त्यावर नांवाची चिठ्ठी चिकटवावी. यंत्राच्या पोटांत आलेल्या विजेचे पांच व्होल्ट करणारा एक छोटा भाग असतो, तो तापतो; यास्तव चालू यंत्र गादीवर किंवा कापडाखालीं कधींही ठेवूं नये.

तिसरा नियम कपॅसिटरांचा. या नळकांड्यांतील द्रव वर्षानुवर्षें सुकत जातो. मग चित्रांत लाटा दिसतात व आवाजांत घरघर येते. तितक्याच क्षमतेचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा नवा कपॅसिटर, टोकें न चुकवितां, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून डाख देऊन बसवून घ्यावा. वस्तु अल्प मोलाची आहे; कारागिराचें कसब मात्र दुर्मिळ होत आहे, आणि आपण त्यास काम दिलें तरच तें टिकेल.

चौथा नियम टीव्हीचा. नव्या सपाट टीव्हीस पिवळ्या व पांढऱ्या वायरीनें यंत्र बहुधा जोडतां येतें. खेळांतील बंदूक मात्र जुन्या फुगीर कांचेच्या टीव्हीवरच चालते, कारण त्या पडद्यावरील क्षणिक उजेडाच्या वेळेवरून ती नेम ओळखते. तो जुना टीव्ही घरीं कोणीही उघडूं नये. त्याच्या आंत प्राणघातक वीज साठलेली असूं शकते.

आतां प्रश्न असा कीं, या खटाटोपाचा उपयोग काय? मोबाइलवरील खेळ मूल एकटें, मान खालीं घालून खेळतें. त्यांतील पुष्कळ खेळांस शेवटच नसतो, आणि मधून मधून जाहिराती व पैशांच्या मागण्या येतात. जुनें यंत्र बैठकीच्या खोलींत, सर्वांच्या डोळ्यांदेखत चालतें. दोघांस दोन रिमोट. बाकीच्यांनीं आपली पाळी येईपर्यंत थांबावें. एकत्र कुटुंबांतील चुलत भावंडांस याहून सोपा धडा कोणता? आणि बटण दाबलें कीं खेळ संपला.

शिवाय कळफलक असलेल्या संचांवर टायपिंग व 'बेसिक' या संगणकभाषेचे प्राथमिक पाठ गिरवितां येतात. २००८ च्या सुमारास डेरेक लोमस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'प्लेपॉवर' या नांवानें अशाच स्वस्त संचांसाठीं शैक्षणिक खेळ रचण्याचा उपक्रम हातीं घेतला, व त्यांत भारतांतील मुलांचा विचार प्रमुख होता. उलटपक्षीं, त्याच निन्टेंडो कंपनीच्या 'थ्री-डी-एस' व 'वी-यू' या पुष्कळ नव्या यंत्रांसाठीं ऑनलाइन दुकानांतून खेळ विकत घेण्याची सोय २७ मार्च २०२३ रोजीं बंद झाली. कॅसेटीचें यंत्र असें कोणाच्या दुकानावर अवलंबून नाहीं.

परंतु आमच्या मतें खरा लाभ निराळाच आहे. आमच्या नातीनें एका वहींत तारीखवार नोंद ठेविली आहे: कोणती कॅसेट पुसली, कोणता स्क्रू कोठला, कोणता भाग बदलला. परवां स्वयंपाकघरांतील मिक्सर बंद पडला, तेव्हां तिनें नवा आणण्याचा हट्ट न धरतां, प्रथम प्लग काढून वायर कोठें तुटली आहे हें पाहिलें. ही दृष्टि शाळेंत शिकविण्याचा आम्ही वर्षानुवर्षें यत्न केला. ती तिला या खेळण्यानें दिली.

म्हणून येत्या सुटींत घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं माळा एकदां धुंडाळावा, आणि मुलांमुलींस जवळ बसवून तें यंत्र उघडावें. रोज अर्ध्या तासाहून अधिक खेळ नसावा, हा निर्बंध आरंभींच घालावा. यंत्र सर्वथा निकामी ठरल्यास तें उकिरड्यावर टाकूं अगर जाळूं नये. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडेच द्यावें. तत्पूर्वीं चालूं शकणारे रिमोट, वायरी व कॅसेटी काढून एका डब्यांत भरून ठेवाव्या; शेजारच्या एखाद्या घरचें यंत्र त्यांच्याच बळावर पुन्हां चालूं लागेल.