झाडीपट्टीतलं जागरण

दिवाळी सरली, धान कापून झालं की चंद्रपूर-गडचिरोलीत नाटकांचा हंगाम लागतो. वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचं माहेरघर. तिचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. इथलं संगीत नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं.

म्हणजे ऐन थंडीत उघड्यावर रात्र काढायची! येणाऱ्या पाहुण्यांना मी सांगते, खाली धानाची तणीस अंथरा, वर सतरंजी, मग गोधडी. कितीही पांघरलं तरी गार जमीन अंगातली ऊब ओढून घेते. तणशीत कोंडलेली हवा ती राखते. कानाला मफलर हवाच. शेकोटी मात्र तणशीपासून लांब पेटवावी.

खरी अडचण बायकांची. आडोसा नसला की माझ्या ओळखीच्या कितीजणी सांजेपासून पाणीच पीत नाहीत. अंधारात झुडपांकडे जावं, तर वाघ-अस्वलाचं भय. मांडवालगत बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा, आत दिवा आणि पाण्याची बादली, एवढ्याला खर्च तो कितीसा? बांबू तर आपल्याच रानातला! लेकीसुनांनीही शेवटचा अंक बघावा असं वाटत असेल, तर गावच्या मंडळांनी रंगमंचाआधी हा आडोसा उभारावा.