'ओक्के'ची जन्मतारीख: २३ मार्च १८३९

जून २०२२. सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगर आणि हाटिलाचं कौतुक करतात आणि त्यांचं 'ओक्के' महाराष्ट्रभर गाजतं. शब्द माणदेशी बोलीत असा काही मुरलाय की तो कधीकाळी बाहेरून आला होता, हे कुणाच्या मनातही येत नाही. आला कुठून? थेट बॉस्टनहून! आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या कृपेनं त्याची पहिली छापील तारीखसुद्धा सापडली आहे. असं भाग्य फार थोड्या शब्दांना लाभतं.

शनिवार, २३ मार्च १८३९. 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'चं दुसरं पान. जेवणाची घंटा वाजवायला बंदी करणाऱ्या नियमाविरुद्ध बॉस्टनमधल्या काही हौशी मंडळींनी चक्क एक 'घंटाविरोधी संस्था' काढली होती. तिच्यावरून दुसऱ्या गावच्या पत्रानं टोमणा मारला, तेव्हा संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी त्याला खुसखुशीत उत्तर लिहिलं. त्यात वर्गणीच्या पेटीबद्दल बोलता बोलता दोन इवलीशी अक्षरं येतात, ओ. के., आणि लगेच आडवी रेघ मारून खुलासा: ऑल करेक्ट. सगळा पुरावा त्या रेघेत आहे. वाचकाला शब्द ओळखीचा असता, तर अर्थ सांगायची गरजच पडली नसती.

त्या वेळी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघत होतं. म्हणजे 'ओके' हा आपल्या पहिल्या मराठी वर्तमानपत्राहून सात वर्षांनी धाकटा!

पण 'ऑल' सुरू होतो 'ए'नं आणि 'करेक्ट' 'सी'नं. मग ओ आणि के आले कुठून? तेव्हा बॉस्टनच्या संपादकांना मुद्दाम अशुद्ध लिहायचं आणि वर त्याचं लघुरूप करायचं, असं वेड लागलं होतं. 'ऑल राइट'चं झालं ओ. डब्ल्यू., 'नो गो'चं के. जी. आजची कॉलेजची पोरं मोबाइलवर करतात तोच खेळ, फक्त खिळे जुळवून केलेला. बाकीची लघुरूपं विरून गेली. ओ. के. तेवढं तगलं, कारण पुढच्याच वर्षी निवडणूक आली.

१८४० मध्ये अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव किंडरहूक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहूक'. आयतीच ओ. के. आद्याक्षरं! न्यूयॉर्कमध्ये समर्थकांनी ओ. के. क्लब काढला. विरोधकही कमी नव्हते. त्यांनी त्याच अक्षरांचं 'आउट ऑफ कॅश' करून टाकलं, अर्थात 'कॅश' 'के'नं लिहून. माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना शुद्ध लिहिता येत नाही, तेच कागदांवर ओ. के. असा शेरा मारायचे, ही कंडीही त्याच धामधुमीत पिकली. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र घराघरांत पोचला.

मग प्रत्येकाला तो आपलाच वाटू लागला. कुणी त्याचं मूळ ग्रीकमध्ये दाखवलं, कुणी चॉक्टॉ या मूळ अमेरिकी भाषेत. अध्यक्ष वुड्रो विल्सन तर चॉक्टॉ धर्तीवर 'ओके' वेगळ्याच स्पेलिंगनं लिहायचे. टेनेसीतल्या १७९० च्या एका न्यायालयीन नोंदीतही ओ. के. सापडल्याचा गाजावाजा झाला. नीट निरखून पाहिलं, तर ते ओ. आर. होतं, म्हणजे 'नोंद करावी' असा हुकूम. मोडी वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, एका फराट्यानं इतिहास कसा बदलतो ते!

हा सगळा गुंता सोडवला कोलंबिया विद्यापीठाच्या अ‍ॅलन वॉकर रीड यांनी. संगणकावर शब्द टाकून शोधायची सोय तेव्हा नव्हती. जुने अंक डोळ्यांखालून घालायचे, हाच मार्ग. १९४१ मध्ये त्यांनी 'ओके' १८४० च्या ओ. के. क्लबपर्यंत नेऊन भिडवला. अनेकांनी इथे समाधानानं फाइल मिटली असती. रीड वाचत राहिले. आणि १९६३-६४ मध्ये 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकातल्या लेखांतून त्यांनी स्वतःचाच शोध मोडीत काढून घंटावाल्यांचा तो १८३९ चा मजकूर पुढे ठेवला.