कंट्रोलवरचा अंगठा

बीड जिल्ह्यातल्या भुकेचा विषय निघाला की दुष्काळाचीच चित्रं आधी डोळ्यांपुढे येतात: टँकर, चारा छावण्या, तळ गाठलेल्या विहिरी. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात मात्र गरिबाच्या घरात या महिन्याला धान्य येणार की नाही, हे ठरतं रेशन दुकानातल्या वीतभर यंत्रावर. कागदोपत्री ते ई-पॉस. लोकांच्या तोंडी नुसतं ‘मशीन’, आणि दुकान अजूनही ‘कंट्रोल’.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाडा खडी फोडायला गेला, तेव्हा कामावर सुकडी मिळायची आणि घरात परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. रोजगार हमीचा कायदा त्या दशकातच झाला. अन्नाच्या हक्काच्या कायद्याला मात्र २०१३ साल उजाडावं लागलं. अंत्योदयाच्या कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. भाकरी खाणाऱ्या मुलखाच्या पिशवीत पडतो तो बहुधा गहू-तांदूळ, पण पाच माणसांच्या घरात २५ किलो धान्य आलं की महिन्याचा घोर बराच हलका होतो.

मशीनचं काम वरवर सोपं आहे. दुकानदार कार्डाचा बारा आकडी नंबर टाकतो, पडद्यावर घरातल्यांची नावं उमटतात, आलेल्या माणसाचं नाव निवडलं की छोट्या काचेखाली दिवा लागतो. अंगठा टेकवायचा. ठसा आधारच्या नोंदीशी पडताळून येतो, पावती निघते, मग काटा. दुकानदाराने परस्पर माल उचलून काळ्या बाजारात घालू नये म्हणून २०१७-१८ च्या सुमारास ही यंत्रं राज्यभर आली, आणि खोट्या नावांवर उठणाऱ्या मालाला त्यांनी चाप लावला, हे मान्यच करायला हवं.

पण अंगठा कुणाचा? हा पट्टा ऊसतोडीचा. तेलगावचा साखर कारखाना जवळ असला तरी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून ऊस तोडायचा, पाचटाच्या धारेने हात चिरायचे, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. अशा हातांवरच्या रेषा काही हंगामांत पुसट होतात. मागे गावात राहते ती आजी. तिने उभी हयात हेच केलेलं. ती पदराने अंगठा पुसते, केसांतून फिरवते, पुन्हा टेकवते. ‘मावशी, डाव्या हाताचं लावा.’ तेही लागत नाही. ओटीपी मागवावा तर मोबाइल लेकाबरोबर उसाच्या फडावर गेलेला. त्यात रेंज गेली की रांगेतल्या तरण्या माणसाचाही अंगठा बिनकामाचा. रोजंदारी बुडवून आलेल्या बाईला ‘उद्या या’ म्हणणं म्हणजे तिचा आणखी एक रोज बुडवणं.

शिव्या दुकानदाराला बसतात. त्याला क्विंटलमागे दीडशे रुपये मिळायचे, २०२५ मध्ये १७० झाले; भाडं, हमाल, पोत्यातली तूट सगळं त्यातच.

नियम आजीच्या बाजूचे आहेत, हेच खटकतं. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात ११ वर्षांची एक मुलगी गेली. आधार न जोडल्याने कार्ड रद्द झालं आणि पोर उपाशी मेली, असं घरच्यांचं म्हणणं होतं. सरकारने ते नाकारलं. त्यानंतर महिन्याभरातच केंद्राने राज्यांना लेखी कळवलं: अंगठा लागला नाही म्हणून कुणालाही परत पाठवू नका, वेगळ्या वहीत नोंद करून धान्य द्या. कोरोनाच्या काळात तर महाराष्ट्रात दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटप झालं. म्हणजे हे जमतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात धान्य न मिळाल्यास भत्त्याचीही तरतूद आहे. तो मागायचा कसा, हे रांगेतल्या बाईला कोण सांगणार?

‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे फडावरच्या माणसाला तिथल्या दुकानातही धान्य उचलता येतं, थोडं तिथं, थोडं गावी अशी वाटणीही करता येते. पण तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, गावाबाहेर, दुकानाची वेळ तोडणीची, आणि तिथला दुकानदार आपल्या कार्डांपुरता आलेला माल परक्याला द्यायला कचरतो. शिवाय टोळीचा मुक्काम हलत राहतो. म्हणून बिऱ्हाडं निघतानाच धान्याची पोती गाडीत घालून नेतात.

ज्यांचं नावच कार्डावर नाही, त्यांची गोष्ट आणखी निराळी. राज्याचा सात कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक अजून २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे, आणि गावातल्या प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार. नवी सून, नवं लेकरू जागा रिकामी व्हायची वाट पाहतं. मराठवाड्यासह १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळायचं; २०२३ मध्ये त्याऐवजी महिन्याला माणशी दीडशे रुपये खात्यात द्यायचं ठरलं, पुढे १७०. बाजारात तेवढ्यात पाच किलो गहू येणंही अवघड.

आता ई-केवायसी. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने स्वतः ठसा द्यायचा, नाहीतर त्याचा वाटा थांबण्याची भीती. मुदत अनेकदा वाढली, चेहरा ओळखणारं अॅपही आलं. राज्यातल्या कोणत्याही दुकानात हे करता येतं, मग कारखान्यांच्या गाडीतळांवर आणि कोप्यांवर मशीन नेऊन ते का करू नये? टोळ्यांची नोंद कारखान्यांकडे असते, ठिकाणं पुरवठा विभागाला कळू शकतात, आणि हंगाम चांगला काही महिने चालतो.