बागेसाठी माणसाचा 'सर्च'

जमीन घ्यायची म्हटली की पक्षकार आमच्याकडे येतो आणि म्हणतो, "वकीलसाहेब, जरा सर्च घ्या." मग आम्ही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन तीस वर्षांचा इंडेक्स टू चाळतो, सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, बोजा आहे का, दावा आहे का ते तपासतो आणि शोध अहवाल लिहून देतो. आमच्या पेशातले हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत उपयोगाचे काम. अमेरिकेत असाच सर्च जिवंत माणसाचा घेतात, आणि त्यासाठी पगारी माणसे नेमलेली असतात, हे आमच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

या कामाला तिकडे 'प्रॉस्पेक्ट रिसर्च' म्हणतात. प्रॉस्पेक्ट म्हणजे ज्याच्याकडून मोठी देणगी मिळण्याची आशा आहे असा धनिक. विद्यापीठे आणि रुग्णालये हे काम करतातच. पण सार्वजनिक बागा सांभाळणाऱ्या संस्थाही ते करतात, आणि आम्हाला बोलायचे आहे ते त्यांच्याबद्दल. बाग ही सर्वांची, तिथे तिकीट नाही, दारावर जात-वर्ण विचारणारा कोणी नाही. मग तिच्या कार्यालयात श्रीमंतांच्या फायली का?

उदाहरण न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे घेऊ. ८४३ एकरांचे हे उद्यान. त्याच्या उत्तर टोकापासून सहा रस्ते पलीकडे कोलंबिया विद्यापीठ आहे, जिथे १९१३ साली बाबासाहेब शिकायला गेले. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या दारात उभी होती. बागेची हिरवळ धुळीला मिळाली होती, बाके मोडली होती, अंधार पडल्यावर आत जायची कोणाची छाती नव्हती. १९८० साली एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांच्या पुढाकाराने सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था उभी राहिली. १९९८ पासून रीतसर करार करून ती बागेची देखभाल करते आणि खर्चाचा मोठा भाग खासगी देणग्यांतून उभा करते. बाग सुधारली, हे कोणीही मान्य करील. जमीन सरकारचीच राहिली, प्रवेश फुकटच राहिला. येथपर्यंत आमची तक्रार नाही.

आता हा सर्च कसा चालतो ते पाहा. संशोधक तीन प्रश्न विचारतो. या माणसाची देण्याची ऐपत किती? आमच्या कामाशी त्याची जवळीक किती? आणि त्याला मुळात देण्याची सवय आहे का? ऐपत कळते ती मालमत्तेच्या नोंदींवरून. न्यूयॉर्कमध्ये घरांची खरेदीखते घरबसल्या पाहता येतात. कंपनीच्या संचालकाने आपल्याच कंपनीचे शेअर विकले, तर दोन कामकाजाच्या दिवसांत ते शेअर बाजाराच्या नियामकाला कळवावे लागते आणि ती नोंद सर्वांना खुली असते. म्हणजे हातात रोकड कधी आली तेही कळले. धनिकाचे स्वतःचे प्रतिष्ठान असेल तर ते कोणाला किती देते, हे त्याच्या वार्षिक कर विवरणपत्रात छापलेले असते. राजकीय देणग्यांचीही यादी आहे, २०० डॉलरच्या वर नाव, धंदा आणि मालक यांच्यासह. मात्र त्या यादीतली नावे उचलून देणगी मागणे संघराज्याच्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि प्रामाणिक संशोधक त्या यादीपासून जपून राहतो. एवढे झाल्यावर दोन-तीन पानांची टिपणी तयार होते. संशोधक स्वतः धनिकाला कधी भेटत नाही. भेटतो तो गोड बोलणारा अधिकारी, ही टिपणी वाचून. टिपणी अशी लिहावी की उद्या त्या माणसानेच ती वाचली तर आपल्याला मान खाली घालावी लागू नये, हा या धंद्यातला चांगला नियम. आमच्या कोर्टातल्या काही मंडळींनी तो जरूर घ्यावा!

म्हणून या नोकरदार संशोधकावर आमचा राग नाही. तो खुली कागदपत्रे वाचतो, चोरी करत नाही. प्रश्न आहे तो 'जवळीक' या शब्दाचा.

बागेशी जवळीक कोणाची? ज्याची खिडकी बागेवर उघडते त्याची. सेंट्रल पार्कच्या लगत जगातल्या महागड्या इमारती आहेत, म्हणून तिथे संशोधकाला प्रॉस्पेक्टची वाण नाही. २०१२ साली जॉन पॉल्सन यांनी या संस्थेला १० कोटी डॉलर दिले. २००७ च्या सुमारास अमेरिकेतले गृहकर्जाचे फुगे फुटणार, या अंदाजावर पैज लावून अब्जावधी कमावलेले हे गृहस्थ. त्या फुग्यात घरे गमावली ती ज्यांनी कर्जे घेतली होती त्यांनी, आणि त्यांत काळ्या व हिस्पॅनिक वस्त्यांतली कुटुंबे फार होती. पॉल्सन यांनी कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही. लहानपणापासून बागेशी नाते आहे म्हणून त्यांनी देणगी दिली, आणि ते खरेच असेल. पण ब्रॉन्क्समधल्या ज्या बागेभोवती भाडेकरूंच्या चाळीवजा इमारती आहेत, त्या बागेच्या बाजूने असे नाते सांगणारा अब्जाधीश कोठून आणायचा? तिथे कितीही हुशार संशोधक बसवा, त्याची फाईल कोरीच राहणार. तिथल्या आईला पोराला झोक्यावर बसवायला जागा हवी आहे, ही गरज ऐपत-जवळीक-सवय या तिन्ही रकान्यांत कुठेच बसत नाही.

कोणी म्हणेल, ज्याचा पैसा त्याची मर्जी. हे अर्धेच खरे आहे. अशा देणगीवर अमेरिकेत करसवलत मिळते. म्हणजे दात्याने दिलेल्या रकमेतला एक हिस्सा एरवी सरकारी तिजोरीत गेला असता. तो पैसा कोणत्या बागेला जावा हे निवडून आलेल्या सभागृहाने ठरवायचे, ते आता खिडकीतून बाग पाहणारा ठरवतो. सार्वजनिक पैसा आणि खासगी मर्जी, असा हा व्यवहार आहे.

हे तिथल्या लोकांच्याही लक्षात आले. २०१३ साली न्यूयॉर्क राज्याचे सिनेटर डॅनियल स्क्वाड्रन यांनी विधेयक मांडले, की श्रीमंत बाग-संस्थांनी आपल्या अंदाजपत्रकाचा २० टक्के हिस्सा गरीब वस्त्यांतल्या बागांना द्यावा. संस्थांनी ओरड केली: देणगीदाराने पैसा या बागेसाठी दिला आहे, तो दुसरीकडे वळवला तर उद्या कोणी देणार नाही. विधेयकाचा कायदा झाला नाही. २०१५ साली आठ मोठ्या संस्थांनी रोख आणि सेवा मिळून दीड कोटी डॉलरची मदत कबूल केली, ती स्वखुशीने. पॉल्सन यांच्या एका देणगीपुढे ही रक्कम ठेवून पाहावी.

वकील म्हणून आम्हाला आणखी एक गोष्ट खटकते, आणि तिच्याबाबत आमचे मन आजही दोन्हीकडे ओढ घेते. सार्वजनिक धर्मादाय संस्थेला आपल्या मोठ्या देणगीदारांची नावे जनतेपुढे उघड करण्याची सक्ती अमेरिकेत नाही. कॅलिफोर्निया राज्याने ती नावे निदान सरकारी वकिलाकडे द्या असा नियम केला, तो सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. आधार कशाचा घेतला? १९५८ च्या एनएएसीपी विरुद्ध अलाबामा या निकालाचा. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या सभासदांची यादी अलाबामा सरकारला हवी होती. यादी मिळाली असती तर सभासदांच्या नोकऱ्या गेल्या असत्या, जिवावर बेतले असते. न्यायालयाने यादी झाकू दिली, ते योग्यच झाले. तीच ढाल त्रेसष्ट वर्षांनी धनाढ्य देणगीदारांच्या कामी आली. पण काळ्यांच्या हक्कांचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या संघटनेनेही २०२१ साली ढाल शाबूत ठेवा असेच न्यायालयाला सांगितले होते, कारण उद्याचे सरकार कोणाची यादी मागेल याचा भरवसा त्यांना नव्हता. आपल्याकडे आंदोलनातल्या पोरांच्या नावांच्या याद्या पोलीस ठाण्यात कशा फिरतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही भीती समजते. म्हणून आमची मागणी मर्यादित आहे: शंभर डॉलर देणाऱ्याचे नाव झाका, पण सार्वजनिक जमिनीवर लाखो खर्च करून बागेचा आराखडा बदलणाऱ्याचे नाव आणि त्याने घातलेल्या अटी त्या जमिनीच्या मालकाला, म्हणजे जनतेला, कळल्या पाहिजेत.

आपल्याला हे दूरचे वाटू नये. २०१६ च्या जानेवारीत मुंबई महापालिकेने मोकळ्या जागा खासगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले, गदारोळ उठला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. २०२३ साली दत्तक धोरणाचा मसुदा पुन्हा आला. ज्या मैदानाला दत्तक घेणारा मिळतो ते कोणत्या वस्तीत आहे, एवढे पाहिले तरी न्यूयॉर्कची गोष्ट कळते.

शेवटी आणखी एक सर्च. सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला, ८२ ते ८९ क्रमांकाच्या रस्त्यांच्या ओळीत, सेनेका व्हिलेज नावाचे गाव होते. १८२५ पासून स्वतंत्र काळ्या लोकांनी तिथे जमिनी घेऊन घरे बांधली. पुढे आयरिश कुटुंबेही आली. तीन चर्च होती, शाळा होती, सुमारे २२५ माणसे होती. जमिनीला तिथे आणखी एक मोल होते: न्यूयॉर्कच्या १८२१ च्या घटनेने काळ्या पुरुषाला मत द्यायचे तर २५० डॉलरची मालमत्ता हवी अशी अट घातली होती. बागेसाठी सरकारने सक्तीने भूसंपादन केले आणि १८५७ साली गाव उठवले. बागेच्या एकूण जागेवरून सुमारे १६०० माणसे हटवली गेली. २०११ साली कोलंबिया आणि शहरातल्या इतर संस्थांच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा घराच्या पायाचे दगड आणि भांडीकुंडी निघाली.

आज त्या बागेतले एक बाक दत्तक घेऊन त्यावर नावाची पट्टी लावायला हजारो डॉलर पडतात. सेनेका व्हिलेजमधली पहिली जमीन घेणारे अँड्र्यू विल्यम्स बूटपॉलिशचे काम करत. १८२५ साली त्यांनी १२५ डॉलरला तीन प्लॉट घेतले, घर बांधले. संपादनाच्या वेळी त्यांनी साडेतीन हजार डॉलर मागितले. दप्तरात नोंद आहे ती २३३५ ची.